बारा खड्यांची चौकट

५ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. तुझ्या आज्ञेप्रमाणे फोन न करता पत्र लिहिते आहे. 'टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, आता माझ्या कानांना सुट्टी द्या' असं तू म्हणालीस, ते आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगते.

बातमी अशी की मी फसले. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई नंबर काढून घ्यायला माझ्या चष्म्याच्या दुकानात आल्या होत्या. मी त्यांच्या डोळ्यात बॅटरी धरलेली, आणि बाई म्हणतात, "स्काउटचं पथक सांभाळायला कुणी नाही. तुम्ही उंच आहात, मुलांना लांबून दिसाल." एवढ्या पात्रतेवर मी पथकप्रमुख झाले. अकरा मुलं, एक शिट्टी आणि दर शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद.

आम्ही लोककथेचा बिल्ला मिळवायचं ठरवलं आहे. आपल्या परिसरातली एखादी जुनी गोष्ट तीन माणसांकडून ऐकायची, ती जिथे घडली ती जागा बघायची आणि तिचा नकाशा काढायचा. म्हणून शनिवारी ओढ्यापलीकडच्या टेकडीवर गेलो. तिथे शेळ्यांवाले काका भेटले. त्यांनी काय गोष्ट सांगितली म्हणून सांगू!

फार पूर्वी त्या टेकडीवर दोन बहिणी आल्या. एक ताडासारखी उंच, दुसरी मुठीएवढी. वाटेवरून दोघींचं भांडण झालं. उंच बहीण अशी ओरडली, की झाडांवरची पाखरं उडाली ती तीन दिवस परत आली नाहीत. तिने पायातला बूट काढून ओढ्यात भिरकावला आणि ती निघून गेली. धाकटी रडली. तिचे बारा अश्रू जमिनीवर पडले, त्यांचे बारा खडे झाले. शेवटी दोघींचाही दगड झाला. ते खडे अजून तिथे आहेत! काका रोज मोजतात. शेळीच्या पायाने एखादा हलला तर उचलून जागेवर ठेवतात. "वडिलांनी सांगितलंय, बारा म्हणजे बारा. अकरा झाले की टेकडीचं गवत वाळलंच म्हणून समजा," असं म्हणाले.

तू लहानपणी शाळेच्या गाईड पथकात होतीस ना? तू ही गोष्ट ऐकली होतीस का?

तुझी,
छकुली

(वय अडतीस, उंची पाच फूट दहा इंच. आता तरी नाव बदल.)


१२ नोव्हेंबर

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. नाव बदलणार नाही. तुझी आई तुला पहिल्यांदा माझ्या हातात देताना म्हणाली होती, "ही तुझ्यासारखी लांबच लांब होणार," आणि मी तुझ्या संरक्षणासाठी ते नाव ठेवलं.

पथक घेतलंस, फार बरं केलंस. मुलांना गाठी नीट शिकव. रीफ गाठ उलटी बांधली तर ऐन वेळी सुटते, आणि माणूस तोंडघशी पडतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पाठीमागे हात घेऊन बांधायला लावायच्या.

त्या गोष्टीबद्दल मला काही ठाऊक नाही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आणि मला ती पटतही नाही. लोकांना दुसरा उद्योग नसतो. बूट कोण कशाला फेकेल? घरी परत अनवाणी जायचं का? बाटली होती ती, पाण्याची, आणि ती फेकली नव्हती, हातातून निसटली. शिवाय धाकटी रडली वगैरे तर साफ खोटं. ती रडणाऱ्यांतली नव्हतीच.

थंडी पडली असेल. मुलांना टोप्या घालायला सांग.

जाता जाता विचारते, ते बारा खडे कसे मांडलेले आहेत? नुसतेच पसरलेले, की काही आकार आहे? सहज विचारते.

तुझी,
मावशी


१८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

बाटली?

तुझं पत्र मी पथकाला मोठ्याने वाचून दाखवत होते. "हातातून निसटली"पाशी आले आणि माझी मीच थांबले. अकरा जण माझ्याकडे बघताहेत. मग आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, तिला आम्ही टिकली म्हणतो, ती म्हणाली, "म्हणजे मावशीआजींचा दगड झाला होता?"

हसून हसून मुलं गवतावर लोळली. आता बिल्ला राहिला बाजूला, त्यांना फक्त तू हवी आहेस.

दोन माणसांकडून आणखी गोष्ट ऐकली. फाट्यावरच्या चहावाल्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या बहिणी नव्हत्या, सासू-सून होत्या. ('एवढं भांडण बहिणींत होतंय होय!' असं त्या म्हणाल्या.) निवृत्त पोस्टमन आजोबा म्हणाले, दुपारी अजूनही दोघींचे आवाज येतात, एक म्हणते 'चाळीस', दुसरी म्हणते 'अठ्ठावन्न'. का, ते त्यांनाही माहीत नाही.

खड्यांचं चित्र टिकलीने काढलं आहे, सोबत पाठवते. मोठ्या दगडांची एक चौकट. चौकटीत बारा छोटे खडे, तीन ओळींत. चौकटीच्या एका बाजूने बाणासारखी दगडांची रांग निघते, ती वाकड्या खडकाकडे तोंड करून आहे. काका म्हणतात, तो बाण नव्हे, उंच बहीण निघून गेली ती वाट.

आता खरं सांग पाहू. आईला विचारलं तर ती म्हणते, "तिलाच विचार, मला मार बसेल."

तुझी,
छकुली


२४ नोव्हेंबर

प्रिय छकुली,

टिकलीचं चित्र चार दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. मी त्याच्या शेजारी बसून चहा पिते, त्याच्या शेजारी भाजी निवडते आणि त्याच्याकडे बघत नाही.

ते अश्रू नाहीत गं. ती वाटखूण आहे. तुझ्या स्काउटच्या पुस्तकात मागच्या पानांवर असेल, बघ. चौकट म्हणजे पत्र. आतले खडे म्हणजे पावलं. बाण म्हणजे दिशा. 'या दिशेने बारा पावलांवर तुझ्यासाठी पत्र लपवलं आहे.'

उंच बहीण मीच. मला सगळे शिडी म्हणत. ती माझी बहीण नव्हती, मैत्रीण होती, पण पाचवीपासून एका बाकावर बसलो होतो, म्हणजे फरक फारसा नव्हता. तिचं नाव मुंगी. तेरा वर्षांची होती आणि दिसायची नऊची. माझ्या कोपराशी तिचं डोकं यायचं. आम्ही दोघी चालू लागलो की सिस्टर म्हणायच्या, "आला बघा आमचा दहाचा आकडा."

टेकडीवर आमचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मी तुकडीची प्रमुख, ती माझी मदतनीस. झऱ्यापासून वाकड्या खडकापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून नकाशा करायचा होता. मी मोजली चाळीस. ती म्हणाली, अठ्ठावन्न. मी म्हटलं, नकाशा प्रमुखाच्या पावलांनी होतो. ती म्हणाली, "माप सगळ्यात लहान पावलाचं घ्यावं. लांब ढांगांच्या माणसाला पोचायला अडचण नसते, छोटी मागे राहतात." तिचं बरोबर होतं, ते मला तेव्हाच कळलं, आणि कळलं म्हणूनच राग आला. सगळ्या तुकडीसमोर मी म्हटलं, "मग नकाशाला मुंग्याच बोलावू या, घालतील रांग!" सगळ्या हसल्या. मीही हसले. ती हसली नाही. नंतर जे ओरडणं झालं, ते समोरच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या त्या काकांच्या वडिलांनी ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी उठले तर मुंगीचं अंथरूण गुंडाळलेलं. तिचे वडील पहाटे येऊन तिला घेऊन गेले होते. बदली झाली होती. सिस्टरना माहीत होतं, मला नव्हतं. एक शब्द न बोलता गेली, असं मी आजवर धरून चालले.

आता न सांगितलेली गोष्ट सांगते. शिबिर संपताना वाटेवरच्या सगळ्या खुणा पुसायचं काम प्रमुखाचं असतं. नाहीतर पुढे येणारा चुकीच्या वाटेला लागतो. मी गेलेच नाही. ओढ्याकाठी रुसून बसले आणि परत येऊन सिस्टरना सॅल्यूट ठोकून सांगितलं, "सगळ्या खुणा पुसल्या." गाईडचा शब्द! मुंगीला माझं काम माहीत होतं. मी तिथे येणारच, या भरवशावर तिने ती चौकट मांडली. मी माझं काम केलं असतं तर ते पत्र त्याच दिवशी माझ्या हातात पडलं असतं.

छकुली, बारा पावलं जाऊन बघशील? तिने काय लिहिलं होतं, एवढंच मला हवं आहे. शिव्या असल्या तरी चालतील.

मावशी


१ डिसेंबर

प्रिय मावशी,

शिव्यासुद्धा मिळाल्या नाहीत.

काल गेलो. मी स्वतः चौकटीपाशी उभी राहिले, बाणाच्या रोखाने बारा पावलं टाकली. वाकड्या खडकाला वळसा घातला की पुढे मोकळी जमीन लागते. तिथे हातभर खणलं. एक शेळीच्या गळ्यातली घंटा, एक गंजलेली पळी आणि एक चिडलेला खेकडा मिळाला. दोन मुलांनी आळीपाळीने पावलं टाकून पाहिली, तीही जवळपास तिथेच आली. टिकलीला खणायची हौस, तिने तर माझ्या डब्यातला चमचा वाकवला.

शेळ्यांवाले काका मात्र रागावले. "बाराला हात लावायचा नाही!" म्हणून चौकटीवर छत्री धरून बसले, जणू आम्ही ती उचलून नेणार होतो.

 मावशी, एवढ्या वर्षांत एखाद्या जनावराने उकरलं असेल. पण तिने लिहिलं होतं, हे तर आता कळलं ना? ती न बोलता गेली नव्हती. तेवढं तरी तुझ्याजवळ ठेव.

तुझी,
छकुली


६ डिसेंबर

छकुली,

बारा पावलं कुणाची टाकलीस? तुझी! माझी!

अगं, मी शेहेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच केलं. 'बारा पावलं जाऊन बघ' असं ताडासारख्या भाचीला लिहिलं आणि लिहिताना मनातसुद्धा आलं नाही. ती मुंगीची बारा पावलं आहेत.

तुझ्या सगळ्यात लहान मुलीला चालायला लाव. तिला म्हणावं, लांब ढांगा टाकायच्या नाहीत, घाई करायची नाही, तू जशी शाळेत जातेस तशी चाल. मोठ्यांनी मागे उभं राहायचं. खणायचं नाही. मुंगी खणणारी नव्हती, फटीत ठेवणारी होती. खडकाच्या बुडाशी बघा, कोरड्या बाजूला.

आणि काकांची माफी माग.

मावशी


१४ डिसेंबर

मावशीआजी,

मी टिकली. मीच चालले. ताईंनी सगळ्यांना मागे उभं केलं. मी शाळेत जाते तशी चालले पण शाळेत जाताना मी कधी कधी उड्या मारते, त्या मारल्या नाहीत. बारा झाले तेव्हा माझं नाक खडकाला लागलं. खाली फट आहे. मोठ्यांचा हात त्यात जात नाही. माझा गेला. आत आधी कोळ्याचं जाळं होतं आणि मग पत्र्याची पेटी. मी ओरडले नाही. (थोडी ओरडले.) आम्ही कुणीच वाचलं नाही, स्काउटचा शब्द.

टिकली


मावशी, मी दोनच ओळी लिहिते. गणिताची कंपास पेटी आहे. रेनकोटच्या तुकड्यात गुंडाळलेली, कडा मेणबत्तीच्या मेणाने बंद केलेल्या. काकांनी पेटी हातात घेतली, हलवून पाहिली आणि विचारलं, "खड्यांना काही झालं नाही ना?" नाही म्हटल्यावर हसले. पेटी तशीच पार्सलने पाठवते आहे. उघडताना बसून उघड.

छकुली


१८ डिसेंबर

प्रिय मुंगी,

तुझं तेवीस डिसेंबरचं पत्र आज मिळालं. उत्तराला उशीर झाला. अजून शेहेचाळीस वर्षं पुरी व्हायला पाच दिवस आहेत, म्हणजे तशी मी वेळेच्या आतच आहे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, ठाऊक नाही. पत्ता तूच दिलेला, आजीच्या घराचा. त्या घरात आता कोण असेल, देव जाणे. ज्या कुणाच्या हाती पडेल त्याने कृपया वाचू नये, किंवा वाचलंच तर पुढे पाठवावं.

माझ्या भाचीला टेकडीवर एक गोष्ट ऐकायला मिळाली, की तू रडलीस आणि तुझ्या बारा अश्रूंचे खडे झाले, आणि त्या खड्यांवरून तिच्या पथकाने तुझी पेटी शोधली. पेटीत तुझं पत्र होतं, अर्धा खोडरबर होता आणि माझी हरवलेली शिट्टी होती. ती तूच घेतली होतीस तर! तू लिहिलं आहेस:

'शिडी, बाबा मला न्यायला आले आहेत. तुला उठवणार होते, पण तू झोपेतही रागावलेली दिसत होतीस. तुझी शिट्टी लपवली होती, ती परत करते. माझ्याकडून भांडण मिटलं आहे. तुझ्याकडून मिटलं असेल तर खालच्या पत्त्यावर लिही. नाही लिहिलंस तर मला समजेल. हे तुला नक्की सापडेल, कारण खुणा पुसायला तू येशील आणि तू कामचुकार नाहीस. अंतर अठ्ठावन्नच आहे.'

मुंगी, मी कामचुकार निघाले. पुसायला गेलेच नाही आणि गेले म्हणून खोटं सांगितलं. तू वाट बघत राहिलीस आणि तुला 'समजलं', ते चुकीचं समजलं. आयुष्यभर मी अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देत बसले आणि तुझा नंबर एकदाही शोधला नाही. मला वाटे, जी न बोलता गेली तिला काय विचारायचं?

भांडण मिटलं आहे. अंतर अठ्ठावन्न.

तुझी,
शिडी


११ जानेवारी

शिडे,

नालायक!

पहिली दोन वर्षं मी पोस्टमनच्या सायकलची घंटा ओळखायला शिकले. पुढची दहा वर्षं तुझ्यावर रागावले. मग लग्न, मुलं, दुकान, आणि तू नुसती एक लांब मुलगी होऊन राहिलीस, जिच्यासारखी कुणी रस्त्यात दिसली की मी उगाच मान वर करून बघायचे.

आजीचं घर तेच आहे. खाली माझं दुकान आहे, लहान मुलांच्या बुटांचं. हसू नकोस. तीस वर्षं छोट्या पावलांची मापं घेते आहे. आईबाप म्हणतात, "मोठाच द्या, वर्षभर चालेल," आणि मी म्हणते, "आज चालायचं कुणाला आहे?" हे कुठून आलं, ते तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पत्र गल्ल्यापाशी उभ्यानेच वाचलं. एक गिऱ्हाईक, वय वर्षं चार, एका पायात बूट घालून माझ्याकडे बघत होतं. त्याने आईला विचारलं, "या आजी का रडतात?" तेव्हा तुझ्या भाचीच्या गोष्टीतलं तेवढं खरं करून टाकलं, असं समज.

फेब्रुवारीत येते. पंधरा तारखेला शनिवार आहे. गुडघे बरे आहेत का? माझे नाहीत. हळू चढू.

आणि एक काम तुझ्याकडे बाकी आहे. खुणा पुसायच्या राहिल्या आहेत. नियम तो नियम.

मुंगी


२ मार्च

प्रिय मावशी आणि प्रिय मुंगीमावशी,

दोघी एकाच पत्त्यावर असल्यामुळे एकच पत्र पाठवते. मावशी 'चार दिवसांसाठी' तिकडे गेली, त्याला दोन आठवडे झाले. आई म्हणते, बुटांच्या दुकानात तिला नोकरी लागली की काय!

त्या शनिवारपासून मुलं दुसरं काही बोलत नाहीत. मुंगीमावशी पुढे, तिच्यामागे टिकली, सगळ्यात शेवटी मावशी पाय आवरत आवरत. एवढ्या हळू टेकडी चढायला इतकी मजा येते, हे आम्हाला माहीत नव्हतं. मावशी पहिला खडा उचलायला वाकली आणि शेळ्यांवाल्या काकांनी तिचा हात धरला, ते तर मुलं रोज करून दाखवतात. टिकली काका होते आणि आमचा सगळ्यात धिप्पाड मुलगा मावशी.

"अहो, आम्हीच त्या दोघी. खूण आमची आहे. पुसायला उशीर झाला."

"त्या दोघींचा दगड झाला. तुम्ही कोण?"

"पण पत्र सापडलं ना!"

"तुमचं पत्र तुम्हाला मिळालं, बरं झालं. खडे माझे आहेत. वडिलांनी दिलेत."

मावशी, तू सिस्टरना खोटं सांगितलंस, ते काही आता खरं होणार नाही. काका होऊ देणार नाहीत.

लोककथेचा बिल्ला मिळाला. नकाशावर झरा ते खडक अठ्ठावन्न पावलं आहेत, टिकलीची. परीक्षक बाईंनी विचारलं, "एवढी कशी?" तर सगळे एका सुरात म्हणाले, "सगळ्यात लहान पावलाची!"

आता खरी बातमी. काल पथकात चार नवी मुलं आली, म्हणून पुन्हा टेकडीवर गेलो. काकांनी त्यांना गोष्ट सांगितली. ती बदलली आहे. आता शेवटी त्या दोघी बहिणी दगडातून उठून येतात, म्हाताऱ्या होऊन, आणि टेकडी चढताना पुन्हा भांडतात, पाणी कुणी कमी आणलं यावरून. "आणि उंच बहिणीला ओढ्यातला बूटसुद्धा सापडला," काका म्हणाले.

"बूट नाही, बाटली!" टिकली ओरडली.

"गोष्ट मी सांगतोय की तू?"

परत येताना टेकडीच्या पायथ्याशी टिकली एकदम थांबली. वाटेच्या कडेला दगडांचं एक वर्तुळ होतं. नव्या मुलांना आम्ही ही खूण आदल्याच तासाला शिकवली होती: वर्तुळ आणि मध्ये एक खडा म्हणजे 'मी घरी गेले.' या वर्तुळात दोन खडे होते, अगदी चिकटून. एक लांबट आणि एक वाटाण्याएवढा.

तुम्ही हे कधी मांडलंत? त्या शनिवारी आम्ही पाण्याच्या बाटल्या भरत होतो तेव्हा?

नवी मुलं म्हणाली, नियमाप्रमाणे पुसायला हवं. मी हो म्हणणार होते. पण काका शेळ्या घेऊन मागून आले, काठी टेकून वाकले आणि एक बोट पुढे करून त्यांनी ते दोन खडे मोजले. मग आमच्याकडे असं बघितलं, की कुणाची हात लावायची छाती झाली नाही.

काका आता रोज चौदा मोजणार.

तुमची,
छकुली